दोन वेगांचा मेळ : क्लचविना गिअर बदलण्याच्या कौशल्याविषयी

उत्तर अमेरिकेच्या महामार्गांवर ट्रेलरसह धावणाऱ्या अवजड ट्रकचे एकूण वजन अमेरिकेच्या संघीय मर्यादेनुसार ८०,००० पौंडांपर्यंत, म्हणजे सुमारे ३६ टनांपर्यंत, असू शकते. आणि हे वजन जागचे हलवून ताशी साठ-पासष्ट मैलांच्या वेगाला नेणारे डिझेल इंजिन मात्र मिनिटाला साधारण ६०० ते २,१०० फेऱ्यांच्या अरुंद पट्ट्यातच फिरते. गाडीच्या वेगाची व्याप्ती मोठी आणि इंजिनाच्या वेगाची छोटी, अशी ही अडचण असल्यामुळे या ट्रकांच्या गिअरबॉक्समध्ये १०, १३ किंवा १८ गिअर ठेवावे लागतात, आणि सिग्नलपासून महामार्गाच्या वेगाला येईपर्यंत चालकाचा हात लिव्हरवरून फारसा निघत नाही. गाडी एकदा चालू लागली की यांतील बरेचसे अनुभवी चालक क्लचच्या पेडलला पायही न लावता वरचे-खालचे गिअर टाकत जातात. तिकडच्या चालकांच्या बोलण्यात याला ‘फ्लोटिंग’ म्हणतात. ही पद्धत कशावर उभी आहे, ती शिकताना नेमके काय शिकले जाते आणि तिच्या मर्यादा कोणत्या, हा प्रस्तुत पुस्तकाचा विषय आहे.

क्लच न दाबता गिअर टाकणे म्हणजे यंत्रावर जबरदस्ती, असा सर्वसाधारण समज आहे, आणि मोटारगाडीवर शिकलेल्या माणसाच्या बाबतीत तो स्वाभाविकही आहे, कारण त्याच्या अनुभवात क्लच दाबला नाही तर गिअर करकरतो आणि दाबला तर मुकाट्याने पडतो. या अनुभवावरून क्लचच गिअर बदलतो असा निष्कर्ष निघतो आणि तिथेच चूक होते. गिअर पडण्यासाठी लागतो तो दोन फिरत्या भागांच्या वेगांचा मेळ. क्लच हा त्या कामातला एक मदतनीस आहे, आणि गाडी चालती असेल तर त्याच्याविनाही तो मेळ साधता येतो. गाडी उभी असताना मात्र क्लचला पर्याय नाही, कारण इंजिन बंद पडू न देता त्याचा वेग शून्यावर आणता येत नाही, चाके तर शून्यावरच असतात, आणि हा फरक कशाच्या तरी घर्षणातूनच भरून काढावा लागतो. म्हणूनच क्लचविना गिअर बदलणारा चालकही गाडी उठवताना आणि थांबवताना क्लच वापरतोच.

हे समजण्यासाठी गिअरबॉक्सच्या आत थोडे डोकावणे आवश्यक आहे. इंजिनाकडून येणारा दांडा, ज्याला इनपुट शाफ्ट म्हणतात, तो क्लच प्लेटला जोडलेला असतो. त्याच्यावरचे दातेरी चाक काउंटरशाफ्ट नावाच्या समांतर दांड्याला फिरवते आणि काउंटरशाफ्टवरची लहानमोठी चाके मुख्य दांड्यावरच्या, म्हणजे मेनशाफ्टवरच्या, आपापल्या जोडीदार चाकांना फिरवत राहतात. मेनशाफ्ट प्रोपेलर शाफ्टमार्गे मागच्या चाकांना बांधलेला असतो. येथे लक्षात घेण्याची गोष्ट अशी की मेनशाफ्टवरची ही सर्व चाके काउंटरशाफ्टच्या चाकांत कायमची गुंतलेली असली तरी खुद्द मेनशाफ्टला जोडलेली नसतात, ती त्याच्याभोवती मोकळी फिरतात. आणि चालक लिव्हर हलवतो तेव्हा एक दातेरी कॉलर, जिला डॉग क्लच म्हणतात, मेनशाफ्टवरून सरकत जाऊन त्यांपैकी एका चाकाच्या दात्यांत बसते. तात्पर्य, ‘गिअर टाकणे’ म्हणजे चाकांचे दाते एकमेकांत घालणे नसून एक कॉलर एका चाकाला अडकवणे असते. कॉलरचा वेग गाडीच्या वेगाने ठरतो, चाकाचा वेग इंजिनाच्या वेगाने ठरतो, आणि हे दोन वेग जवळजवळ सारखे झाले की कॉलर दोन बोटांच्या जोराने आत जाते. सारखे नसले तर दात्यांची टोके एकमेकांवर आपटतात आणि कॅबिनमध्ये तो ओळखीचा कर्कश आवाज उमटतो.

गेल्या शतकाच्या पूर्वार्धापर्यंत बहुतेक सर्वच वाहने याच पद्धतीने, किंवा याहून ओबडधोबड पद्धतीने, चालत असत. एमिल लेव्हासोर याने १८९०च्या दशकात फ्रान्समध्ये जी सरकत्या चाकांची रचना रूढ केली तिच्यात तर कॉलर नव्हे, अख्खे दातेरी चाकच सरकवून दुसऱ्यात घालावे लागे, आणि त्यात हात बसवणे हा मोटार चालवायला शिकण्यातला सर्वांत कठीण भाग मानला जाई. या कटकटीवर अमेरिकेत अर्ल थॉम्पसन याने सिंक्रोमेश हा तोडगा काढला आणि १९२८मध्ये तो कॅडिलॅक मोटारींत बसवला गेला. सिंक्रोमेशमध्ये दाते एकमेकांत जाण्याआधी एक शंकूच्या आकाराची कडी चाकाला घासते, त्या घर्षणाने चाकाचा वेग कॉलरच्या वेगाशी जुळवते आणि मगच कॉलरला वाट देते. चालकाने फक्त क्लच दाबायचा आणि लिव्हर ढकलायचा. चालकाच्या कानाने आणि पायाने करायचे काम पितळी कडीकडे गेले, आणि मोटारगाड्यांतून ती जुनी विद्या एका पिढीतच नाहीशी झाली.

अवजड ट्रकांच्या बाबतीत युरोप आणि अमेरिका यांच्या वाटा इथून वेगळ्या झाल्या. युरोपीय कंपन्यांनी ट्रकांतही सिंक्रोमेश आणला; अमेरिकेत मात्र मिशिगन राज्यातल्या कॅलमझू येथील फुलर कंपनीचे, आणि १९५८मध्ये ईटनने ती विकत घेतल्यानंतर ईटन-फुलर या नावाचे, ‘रोडरेंजर’ गिअरबॉक्स रस्त्यावर अधिराज्य गाजवत राहिले, आणि त्यांच्या मुख्य भागात सिंक्रोमेश नव्हता. यामागे मागासलेपण नव्हते. अवजड ट्रकच्या क्लच प्लेट मोठ्या आणि जड असतात (१५.५ इंच व्यासाचा दुहेरी प्लेटचा क्लच तिथे सर्रास आढळतो), त्यांचा फिरता भार क्षणार्धात रोखणे किंवा वाढवणे हे पितळी कडीला झेपवायचे तर ती कडीही मोठी, महाग आणि झिजणारी होते, उलट कडीच काढून टाकली तर गिअरबॉक्स हलका, आखूड आणि दहा-दहा लाख किलोमीटर टिकेल असा होतो. फुलरने १९६०च्या दशकात एकाऐवजी दोन काउंटरशाफ्ट वापरण्याची जी रचना प्रस्थापित केली तिच्यात भार दोन बाजूंना विभागला जाऊन चाके अरुंद करता आली, आणि मेनशाफ्टवरची चाके दोन काउंटरशाफ्टांच्या मध्ये स्वतःच आपले केंद्र धरून राहू लागली. टिकाऊपणाचा सगळा हिशेब यंत्राच्या बाजूने लागला आणि वेग जुळवण्याचे काम चालकावर सोपवले गेले. व्यापारी वाहतुकीत हा व्यवहार दोन्ही पक्षांना परवडला असे म्हणावे लागते, कारण चालकाला हे काम एकदाच शिकायचे असते आणि कड्या मात्र पुन्हा पुन्हा बदलाव्या लागल्या असत्या.

हे काम शिकवण्याची मान्य पद्धत म्हणजे डबल क्लच. सिंक्रोमेश नसलेल्या जुन्या ट्रकांवर आणि एस.टी.च्या जुन्या गाड्यांवर ज्यांचा हात बसला आहे अशा महाराष्ट्रातल्या चालकांना ती नवी नाही. क्लच दाबून लिव्हर न्यूट्रलला आणायचा, क्लच सोडायचा, वर जायचे असेल तर इंजिनाचा वेग उतरू द्यायचा आणि खाली यायचे असेल तर रेस देऊन तो वाढवायचा, मग पुन्हा क्लच दाबून गिअर टाकायचा, असा तिचा क्रम आहे. यातला मधला टप्पा, न्यूट्रलमध्ये क्लच सोडण्याचा, नवशिक्याला निरर्थक वाटतो; प्रत्यक्षात सगळे मर्म तिथेच आहे, कारण क्लच सुटलेला असतानाच काउंटरशाफ्ट इंजिनाला बांधलेला असतो आणि इंजिनाचा वेग बदलला की त्याच्याबरोबर आतल्या चाकांचा वेग बदलतो. मोटारीतून आलेल्या शिकाऊ चालकाची आणखी एक खोड इथे मोडावी लागते. या ट्रकांत क्लचचे पेडल पार तळाशी नेले की ‘क्लच ब्रेक’ नावाची चकती इनपुट शाफ्टला पकडून थांबवते. गाडी उभी असताना पहिला गिअर न करकरता पडावा एवढ्यासाठीच ती असते, आणि चालत्या गाडीत पेडल तळापर्यंत दाबत राहिल्यास ती चकती लवकरच निकामी होते. म्हणून चालत्या गाडीत पेडल वरचे दोन-तीन इंचच दाबायचे.

डबल क्लचमधली दोन दाबणी नेमकी काय करतात हे कळले की ती दोन्ही वगळता कशी येतात हेही कळते. पहिली दाबणी दात्यांवरचा ताण काढण्यासाठी असते. इंजिन गाडीला ओढत असते तेव्हा कॉलरचे दाते चाकाच्या दात्यांवर जोराने रेललेले असतात आणि कितीही खेचले तरी लिव्हर हलत नाही. परंतु ॲक्सिलरेटरवरचा पाय उचलला की इंजिनाचे ओढणे थांबून गाडीने इंजिनाला ओढणे सुरू होते, आणि या दोन अवस्थांच्या मधल्या क्षणी दात्यांवर कसलाच ताण नसतो. तो क्षण डोळ्यांना दिसत नाही, पण हाताला कळतो. निष्णात चालक पाय उचलण्याच्या किंचित आधीच लिव्हरवर दोन बोटांचा हलका दाब ठेवतो आणि ताण उतरताच लिव्हर आपोआप न्यूट्रलमध्ये येऊन पडतो. दुसरी दाबणी वेग जुळवण्यात राहिलेली थोडीफार तफावत झाकण्यासाठी असते. तफावतच राहिली नाही तर तिची गरज उरत नाही.

मग प्रश्न राहतो तो तफावत किती आणि कधी शून्य होते, एवढाच. समजा, चालू गिअरचे गुणोत्तर १.३५ आहे, म्हणजे मेनशाफ्टच्या एका फेरीला इंजिनाच्या १.३५ फेऱ्या होतात, आणि वरच्या गिअरचे १.०० आहे. इंजिन मिनिटाला १,६०० फेऱ्यांवर असताना लिव्हर न्यूट्रलला आला तर मेनशाफ्ट सुमारे १,१८५ फेऱ्यांनी फिरत असतो, आणि वरचा गिअर पडण्यासाठी इंजिनाने १,६००वरून तेवढ्यावर उतरले पाहिजे. चालक या वेळी काहीच करत नाही, फक्त थांबतो. टॅकोमीटरची सुई १,२००च्या खाली जाऊ लागते तोवर लिव्हर पुढच्या खाचेच्या तोंडाशी हलकेच टेकलेला असतो आणि वेग जुळताच आत घसरतो. घाई केली तर दाते वाजतात, उशीर केला तर इंजिन फारच खाली जाते आणि मग उलट थोडी रेस देऊन त्याला वर आणावे लागते. खालचा गिअर टाकताना हाच हिशेब उलटा होतो: १,२०० फेऱ्यांवर न्यूट्रल केले तर रेस देऊन इंजिन साधारण १,६००च्या पुढे न्यायचे आणि ते खाली परतत असताना १,६२०च्या आसपास लिव्हर आत सोडायचा. हे आकडे प्रत्येक गिअरबॉक्सचे वेगळे असतात. पण दहा गिअरच्या बॉक्समध्ये दोन गिअरांमधले अंतर साधारण एक तृतीयांशाच्या घरात असल्यामुळे चालकाला एक-दोन आकडेच मनात ठेवावे लागतात आणि पुढे तेही सुईऐवजी इंजिनाच्या आवाजावरून कळू लागतात.

वरचे सगळे गणित सपाट रस्त्याचे आहे, आणि शिकाऊ चालकांची बहुतेक फजिती रस्ता सपाट नसतो तिथे होते. चढावर न्यूट्रलच्या त्या एका-दीड सेकंदातही भरलेली गाडी वेग गमावते, म्हणजे जो वेग गाठायचा तोच खाली सरकत जातो. वरचा गिअर टाकणाऱ्याला इंजिन आणखी उतरेपर्यंत थांबावे लागते आणि तोवर गाडी आणखी मंदावते, त्यामुळे कित्येकदा गिअर पडतो तेव्हा इंजिनात ओढण्याची ताकदच उरलेली नसते. अशा वेळी काही चालक इंजिन ब्रेक क्षणभर चालू करून इंजिनाच्या फेऱ्या झटकन उतरवतात. हा इंजिन ब्रेक अमेरिकन डिझेल इंजिन-निर्माता क्लेसी कमिन्स याच्या कल्पनेतून आला. १९३१मध्ये कॅलिफोर्नियातील काहोन खिंडीच्या उतारावर त्याच्या ट्रकचे ब्रेक निकामी झाले आणि तो थोडक्यात वाचला. इंजिनालाच रोधक बनवण्याचा विचार त्या प्रसंगातून आला आणि जेकब्स कंपनीने १९६१मध्ये त्याचे उत्पादन सुरू केले. उतारावर परिस्थिती याच्या नेमकी उलट असते: न्यूट्रलमध्ये गाडी वेग घेते, गाठायचा वेग वर सरकतो, आणि खालचा गिअर टाकू पाहणाऱ्याला अपेक्षेपेक्षा जास्त रेस द्यावी लागते. शिवाय उतारावर गाडी इंजिनाला ढकलत असल्यामुळे दात्यांवरचा ताण उलट्या बाजूने असतो, आणि लिव्हर सुटा करण्यासाठी पाय उचलण्याऐवजी ॲक्सिलरेटरला किंचित स्पर्श करावा लागतो.

या पद्धतीचा खरा धोका इथेच आहे आणि तो दात्यांच्या झिजेपेक्षा कितीतरी गंभीर आहे. ओरेगन राज्यातला कॅबेज हिल किंवा टेनेसीतला माँटईगल यांसारख्या लांब आणि तीव्र उतारांवर वेग वाढल्यानंतर खालचा गिअर टाकण्याचा प्रयत्न केला आणि तो पडला नाही, तर जुना गिअरही परत पडत नाही. गाडी न्यूट्रलमध्ये अडकते, इंजिनाचा रोध पूर्णपणे नाहीसा होतो आणि सगळे ओझे चाकांच्या ब्रेकवर येते. अमेरिकेच्या परवाना-पुस्तिकेत उतार लागण्याआधीच योग्य गिअर टाकून ठेवावा असे बजावले आहे, आणि रेल्वेचे रूळ ओलांडताना गिअर बदलू नये, असेही, ते याचसाठी. महाराष्ट्रातल्या वाचकाला न्यूट्रलमधल्या अवजड गाडीची भीती वेगळी समजावून सांगण्याची गरज नाही. पुण्यात कात्रजच्या नव्या बोगद्याकडून नवले पुलाकडे उतरणाऱ्या रस्त्यावरच्या अपघातांच्या चर्चेत डिझेल वाचवण्यासाठी न्यूट्रलवर गाडी सोडण्याचा मुद्दा वारंवार आलेला आहे. तिथे चालक न्यूट्रल आपणहून निवडतो, फ्लोटिंग करणारा त्यात नकळत सापडतो, आणि उताराला या दोहोंत काही फरक वाटत नाही.

दहा आणि त्याहून अधिक गिअरांच्या रचनेविषयी येथे थोडक्यात सांगितले म्हणजे पुरे. मागच्या बाजूला हवेच्या दाबावर चालणारा एक साहाय्यक गिअरबॉक्स असतो. लिव्हरच्या मुठीवरचे बटण वर-खाली करून त्याची ‘रेंज’ बदलली की लिव्हरच्या त्याच खाचांतून गिअरांची दुसरी फळी मिळते. हे बटण न्यूट्रलला येण्यापूर्वीच फिरवून ठेवायचे असते, आणि रेंजच्या या बदलापुरता सिंक्रोमेश तिथे दिलेला असतो. तेरा आणि अठरा गिअरांच्या बॉक्समध्ये ‘स्प्लिटर’ नावाचे आणखी एक बटण एकेका गिअरचे दोन भाग करते. त्यासाठी लिव्हर हलवावा लागत नाही, बटण फिरवून पाय उचलला की काम होते.

क्लचविना गिअर बदलल्याने गिअरबॉक्सचे नुकसान होते की नाही, या वादात दोन्ही बाजूंनी अतिरेक झालेला दिसतो. निर्मात्यांच्या पुस्तिका डबल क्लचच सांगतात, शाळाही तोच शिकवतात आणि परीक्षेत त्याच पद्धतीची अपेक्षा असते. परवाना मिळाला की पुष्कळ चालक दुसऱ्याच आठवड्यात फ्लोटिंगला लागतात आणि न करणाऱ्याला कच्चा समजतात. वस्तुतः नीट जुळवून टाकलेल्या गिअरला क्लच दाबला होता की नाही याची खबरही लागत नाही, आणि क्लच, क्लच ब्रेक व चालकाचा डावा गुडघा यांची बचत होते ती वेगळीच. पण न जुळलेला गिअर रेटून घातला की कॉलरच्या दात्यांच्या कडा झिजून गोल होतात, आणि पुरेशा गोल झाल्या की भाराखाली तो गिअर आपोआप बाहेर उडू लागतो. गिअरबॉक्सचे तेल बदलताना लोहचुंबकी ड्रेन प्लगवर काय चिकटले आहे ते पाहणारा मेकॅनिक चालकाची परीक्षा त्याच्या गैरहजेरीत घेत असतो: काळपट मऊ लेप असेल तर ती नेहमीची झीज, बोटाला टोचणारे तुकडे असतील तर कोणीतरी लिव्हरशी भांडते आहे. फ्लोटिंगला पुरुषार्थाचे लक्षण मानणे हास्यास्पद आहे, पण तो आळशीपणाही नाही. शाळांनी डबल क्लच आधी शिकवावा हे योग्यच आहे, कारण वेग जुळवण्याचे ज्ञान तिथेच मिळते आणि ते मिळाल्याशिवाय पेडल सोडून देणारा केवळ नशिबावर गिअर टाकत असतो. सिंक्रोमेश असलेल्या मोटारीत किंवा ट्रकमध्ये हा प्रयोग करू नये हेही येथेच नोंदवले पाहिजे, कारण क्लच न दाबता गिअर रेटला तर त्या पितळी कडीवर अख्ख्या इंजिनाचा वेग बदलण्याचे काम येऊन पडते, आणि तेवढ्यासाठी ती बनवलेली नसते.

आज उत्तर अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या बहुतेक नव्या अवजड ट्रकांत स्वयंचलित पद्धतीने गिअर बदलतात, आणि मॅन्युअल गाडीवर परीक्षा न देणाऱ्याच्या परवान्यावर ‘ई’ हा निर्बंध लागतो; तो घेऊनच पुष्कळ नवे चालक या धंद्यात येत आहेत. ही विद्या त्यामुळे कालबाह्य झाली असे म्हणणे सोपे आहे, परंतु या नव्या गिअरबॉक्सांच्या आत पाहिल्यास चित्र निराळे दिसते. ईटनने १९९०च्या दशकात आणलेल्या ‘ऑटोशिफ्ट’मध्ये चालकाने क्लच फक्त गाडी उठवताना आणि थांबवताना दाबायचा असे, एरवी संगणक इंजिनाचा ताण उतरवी, न्यूट्रल करी, फेऱ्या जुळवी आणि कॉलर आत ढकली. दुसऱ्या शब्दांत, त्याच जुन्या सिंक्रोमेशविरहित बॉक्समध्ये तो फ्लोटिंगच करीत होता. त्यानंतरच्या पिढ्यांत क्लचही यंत्राच्या ताब्यात गेला आणि चालकासमोरचे पेडल नाहीसे झाले, तरी दोन वेग जुळवण्याचे मूळ काम जिथल्या तिथेच आहे. यंत्र ते चालकापेक्षा अधिक सातत्याने करते यात शंका नाही. मात्र पुढचा चढ दिसत असताना तो लागण्याआधी खालचा गिअर टाकून ठेवण्याचे भान पहिल्या पिढीतल्या यंत्रांना नव्हते. दुर्गम भागातली लाकूडवाहतूक, अतिअवजड यंत्रसामग्रीची ने-आण आणि स्वतःच्या मालकीचे जुने ट्रक चालवणारे चालक यांच्याकडे अठरा गिअरांचा लिव्हर अजूनही दिसतो.

शेवटी मांडणीविषयी काही खुलासा. अमेरिकेत चालक डावीकडे बसतो आणि लिव्हर उजव्या हाताने हलवतो, क्लच मात्र तिथेही डाव्या पायाखालीच असतो. पुस्तकातल्या आकृत्या त्या मांडणीप्रमाणे असल्याने उजवीकडे बसणाऱ्या वाचकाने हात बदलून घ्यावा, खाचांचा क्रम बदलू नये. वजने टनांत दिली असली तरी गाडीचा वेग सर्वत्र ताशी मैलांत ठेवला आहे, आणि त्याला सोयीपलीकडचे कारण आहे. दहा गिअरांच्या ट्रकवर शिकवताना तिथल्या शाळांत अशी एक युक्ती सांगतात की वेगातल्या दोन अंकांची बेरीज म्हणजे साधारणपणे त्या वेगाचा गिअर: १५ मैलांना सहावा, २५ला सातवा, ३५ला आठवा, ४५ला नववा आणि ५५ला दहावा. न्यूट्रलमध्ये अडकलेल्या चालकाला कोणत्या गिअरचा शोध घ्यायचा हे या बेरजेवरून तत्काळ कळते, आणि किलोमीटरमध्ये रूपांतर केले की ती बेरीज जुळत नाही.